अमेरिकेच्या विहिरीत रस्त्याचं मीठ, आपल्या विहिरीत उसाचं?

कृष्णाकाठ
भाचा मिनेसोटात असतो. तिकडं थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून ट्रकनं जाडं मीठ पसरतात. ते वितळलेल्या पाण्याबरोबर जमिनीत मुरतं आणि लोकांच्या पिण्याच्या बोअरला उतरतं. मिठातलं क्लोराईड मातीत अडकत नाही, कुजत नाही, उकळूनही जात नाही. तिथल्या हिशेबानं चमचाभर मीठ साधारण २० लिटर पाणी बिघडवायला पुरतं.

आपण सांगलीच्या मिरज, पलूस, वाळवा पट्ट्यात वेगळं काय केलंय? उसाला रात्रभर पाणी, निचरा शून्य. भूजल वर येतं, ऊन पाणी उडवतं, क्षार तिथंच राहतो. रान क्षारपड झालं की मोर्चा निघतो. त्याच रानातली पिण्याची विहीर मचूळ झाली की मात्र गुपचूप जार चालू. माझं मत: उसाला ठिबक सक्तीची करा.

वाळव्याचा उसवाला
आलं, ऊसवाल्याला झोडपायला निमित्त आलं! तुमचा दाखलाच बसत नाही. तिकडं मीठ खाणीतनं आणून ओततात. आमच्या काळ्या रानात क्षार मुळातच आहेत, खडक झिजून आलेले. आणि ठिबक म्हणजे जादू नव्हे. ओल संपते त्या कडेला क्षार साठतात, ते धुवायला पुन्हा पाणीच लागतं. जादा पाणी का जातं सांगू? लाइट रात्रीची. मोटर चालू करून माणूस झोपतो. सक्ती करायची तर दिवसा लाइट देण्याची करा.

कृष्णाकाठ
लाइटचं शंभर टक्के मान्य. पण क्षार मुळातले असले तरी त्यांना वर कुणी आणलं? तिकडं निदान गाडी घसरून माणूस मरू नये म्हणून मीठ टाकतात. शिवाय आता कोरड्या मिठाऐवजी बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी फवारतात, मीठ कमी लागतं. कडाक्याच्या थंडीत, उणे ९ च्या खाली, मीठ फारसं चालतच नाही म्हणून हात आखडतात. आपण कधी आखडला?

पाणी_तपासनीस
दोघंही चवीवर भांडताय. आपल्याकडच्या क्षारात नुसतं मीठ नसतं, सल्फेट आणि बायकार्बोनेटही असतात. भारतीय मानकात क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र ४५, आणि तिथं सवलत नाही. उसाच्या रानातल्या विहिरीत मला भीती त्याची वाटते, कारण युरियाचं नायट्रेटही क्लोराईडसारखंच पाण्याबरोबर खाली जातं. खारट पाणी जिभेला कळतं, नायट्रेट कळत नाही. त्यानं तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहणं जड जातं. पाणी उकळलं तर नायट्रेट आणखी दाट होतं. टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार मोजायचं, पेन बुडवून हे समजणार नाही, नमुना तपासायलाच द्यावा लागतो.

वाळव्याचा उसवाला
हे बोलणं पटण्यासारखं. युरिया जरा सढळ हातानं पडतो, खोटं कशाला बोलू. तरी उपाय म्हणाल तर जमिनीखालनं सच्छिद्र पाइप टाकून निचरा. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रावर यावर काम झालेलं आहे. चार शेतकऱ्यांनी मिळून केलं की रान सुधारतं, विहीरही सुधारेल.

मिरज_जंक्शन
आणि पाइपातलं पाणी जाणार कुठं? ओढ्यात, ओढ्यातनं कृष्णेत. सांगली कृष्णेचं पाणी पिते, दादा. तुमच्या विहिरीतला क्षार आमच्या नळाला.

वाळव्याचा उसवाला
मग पावसाळ्यात सोडू, नदी भरून वाहताना. उन्हाळ्यात पाइपाचं तोंड बंद ठेवायचं. चालेल?

मिरज_जंक्शन
मार्च ते मे तुमचा पाट जोरात असतो, तेव्हाच भूजल वर येतं. रान परत दलदल व्हायला लागलं की तोंड बंद ठेवायला कोण तयार होईल, त्याचं नाव आधी सांगा.