रापण ओढताना पाणी निळं का चमकलं?

प्रश्न: जानेवारीतली गोष्ट. देवबागला काळोखात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होतो. दोर हलला की निळा उजेड, ओल्या वाळूत पाय टाकला तरी तेच! उजाडल्यावर पाणी हिरवट, मासळी नावाला. आजी म्हणायची, दर्या पेटला. नेमकं काय हे?

उत्तर: नॉक्टिल्युका. एकपेशीय जीव, साधारण अर्धा मिलिमीटर. धक्का लागला की त्यातलं ल्युसिफेरिन नावाचं रसायन ऑक्सिजनशी मिळून चमकतं. अरबी समुद्रातल्या हिरव्या जातीच्या पोटात शैवाल जिवंत राहतं, उन्हावर अन्न बनवतं. भाडेकरूच मालकाला जेवू घालतो म्हणा! तरी नॉक्टिल्युका डायटमही (सूक्ष्म शैवालाचा एक प्रकार) गिळतोच.

प्रश्नकर्ता: मग मासळी कुठे गेली?

उत्तर: नॉक्टिल्युकाच्या पेशीत अमोनिया साठतो. पाण्यात त्याचा थर दाट झाला की मासे बाजूला होतात. त्या दिवशी तसंच झालं असावं.