बांबोळीचे अनुभव : सिंधुदुर्ग आणि गोव्यातील रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागात कोणाला ‘बांबोळीक व्हेलो’ (बांबोळीच्या इस्पितळात नेले) असे कानावर आले की पुढचा प्रश्न प्रकृतीचा नसतो, सोबत कोण गेले आहे याचा असतो. पोर्तुगीज राजवटीत १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेली वैद्यक शाळा म्हणजे आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यातील वृत्तपत्रांचे ‘गोमेकॉ’. १९९३ मध्ये त्याचे इस्पितळ पणजीहून बांबोळीच्या पठारावर आले. सावंतवाडीहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, कोल्हापूरला जायचे तर वाटेत घाट, आणि बांबोळी मात्र ६० किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे महाराष्ट्राच्या या टोकाच्या जिल्ह्याचे मोठे इस्पितळ कित्येक वर्षे राज्याच्या हद्दीबाहेरच राहिले. जिल्ह्यातच ओरोसला २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी बांबोळीची वाट बंद झालेली नाही. त्या वाटेवरचे अनुभव येथे मागवत आहे. निव्वळ स्तुती किंवा राग यांपेक्षा, रुग्णाला घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे लिहावे. डॉक्टरांची आणि रुग्णांची नावे कृपया लिहू नयेत.

बांदा परिसरातील एक काजू बागायतदार

२०१७ च्या काजू हंगामात माझ्या वडिलांना ताप आला. डोके असह्य दुखत होते, अंग मोडून आले होते, आणि चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यावर आम्ही त्यांना बांबोळीला नेले. कॅज्युअल्टीत तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी ताप, उलटी, लघवी हे नेहमीचे प्रश्न विचारले आणि मग एकदम विचारले, “तुमच्या वाठारांत माकडां मेल्यांत काय?” मी चकित झालो, कारण बागेच्या वरच्या अंगाला दोन माकडे मेलेली आम्ही पाहिली होती, परंतु तापाशी त्यांचा काही संबंध असेल असे आमच्या मनातही आले नव्हते.

हा माकडताप. मूळ नाव क्यासनूर जंगलातला ताप, कर्नाटकातील शिमोगा भागात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो, आणि पालापाचोळ्यात बसून काजूचे बोंडू गोळा करणाऱ्याला गोचीड चावण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये हीच साथ आली होती, त्यानंतर दोडामार्गात आणि मग आमच्याकडे. त्यामुळे बांबोळीच्या डॉक्टरांना हे रुग्ण आणि हा हंगाम दोन्ही परिचयाचे होते. रक्ताचा नमुना मणिपालला गेला. या तापावर नेमके औषध नाही, हे त्यांनी आम्हांला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. शिरेतून द्रव देणे, प्लेटलेटवर लक्ष ठेवणे, रक्तस्राव वाढू न देणे, एवढेच हातात असते आणि तेवढे वेळेवर झाले तर बहुतेक रुग्ण उठतात. वडील उठले. अशक्तपणा मात्र पावसाळ्यापर्यंत राहिला आणि त्या वर्षीचे काजू अर्धेअधिक झाडाखालीच कुजले. डिसेंबर ते मे या काळात ताप आलेल्या कोणालाही घेऊन जाल, तर आपण कोणत्या जंगलात, कोणत्या बागेत गेलो होतो, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

वेंगुर्ल्याचे एक निवृत्त शिक्षक

वरील लेखकांना बांबोळी ठाऊक आहे. मला पणजीचे जुने इस्पितळ अधिक आठवते. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि त्याच पावसाळ्यात माझ्या आईचे पोटाचे ऑपरेशन करावे लागले. म्हापशामार्गे बेतीपर्यंत जीपने, आणि तेथून फेरीबोटीने पलीकडे. नदी तांबडी होऊन वाहत होती, बोटीत भाजीवाल्या, कचेरीतले लोक, दोन सायकली आणि मध्ये बाकावर आडवी झालेली आई. धक्क्यावर उतरल्यावर इस्पितळ जवळच होते, ही त्यातल्या त्यात सोय. वॉर्डात शेजारच्या खाटेवर कारवारची बाई, पलीकडे काणकोणची, आणि राउंडला येणारे वयस्क डॉक्टर तिघींशी तीन तऱ्हेची कोंकणी बोलत. त्याच इमारतीत आता चित्रपट महोत्सवाची धामधूम असते. आमच्या पिढीला तिकडून जाताना अजूनही फिनेलचा वास येतो, तो भाग वेगळा.

पेडण्याच्या एक गृहिणी

माझा अनुभव गोव्यातील रहिवाशाचा आहे आणि थोडक्यात आहे. यजमानांच्या छातीत पहाटे कळ आली तेव्हा आम्ही थेट बांबोळीचा रस्ता धरणार होतो, परंतु शेजाऱ्यांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेण्याचा आग्रह धरला. तेथे काढलेला ईसीजी बांबोळीच्या हृदयरोग विभागाकडे पाठवला गेला, तिकडून निदान कळताच रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य दिले गेले, आणि मग रुग्णवाहिकेने बांबोळीला अँजिओग्राफीसाठी पाठवण्यात आले. ‘स्टेमी गोवा’ असे या व्यवस्थेचे नाव आहे. हृदयविकारात प्रवासात जाणारा वेळ हाच स्नायू मरण्याचा वेळ असतो, असे नंतर तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले. मोठ्या इस्पितळाचा उपयोग कधी कधी तेथे न धावता होतो.

गोमेकॉत शिकलेले एक डॉक्टर

नातेवाइकांचा पुष्कळसा गोंधळ एका गोष्टीमुळे होतो, ती म्हणजे युनिट. शिक्षण देणाऱ्या इस्पितळात मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग अशा प्रत्येक मोठ्या विभागाची युनिटे, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात; प्रत्येकाचा ओपीडीचा वार ठरलेला असतो, आणि रुग्ण ज्या युनिटच्या दिवशी दाखल झाला, त्याच युनिटकडे तो शेवटपर्यंत राहतो. डिस्चार्ज कार्डावर युनिट लिहिलेले असते. पुन्हा दाखवायला जाताना त्याच वारी जावे. भलत्या दिवशी गेल्यास आजाराची कथा नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सांगावी लागते आणि सावंतवाडीहून पहाटेची बस पकडून आलेल्या माणसाचा दिवस त्यातच जातो.

दुसरी गोष्ट, ‘एवढे डॉक्टर येऊन जातात, पण नेमका आपला कोणता?’ पांढऱ्या कोटांच्या घोळक्यातले बरेचसे विद्यार्थी असतात. रक्त काढणारा, कागद भरणारा बहुधा इंटर्न. रात्री दोन वाजता उठून येणारा निवासी डॉक्टर. आणि औषध बदलण्याचा, ऑपरेशनचा अंतिम निर्णय घेणारे युनिटचे वरिष्ठ, जे सकाळच्या राउंडला भेटतात. प्रश्न विचारायचे असल्यास रुग्णाजवळच्या माणसाने राउंडच्या आधी कागदावर लिहून ठेवावेत. विद्यार्थी तपासायला आले की पुष्कळ रुग्ण त्रासतात, आणि नको म्हणण्याचा त्यांना अधिकार आहेच. तरीही माझे मत विचाराल तर, पाच जणांनी तपासलेल्या रुग्णाचे काही नजरेतून सुटण्याचा संभव कमी असतो. फुरसे चावलेल्या एका शेतमजुराच्या खाटेशी आमचे सर तासभर उभे राहिले होते: काचेच्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटे न हलवता ठेवायचे, आणि ते गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजायचे. ती साधी चाचणी मी पुढे ग्रामीण रुग्णालयात असंख्य वेळा केली.

एक रुग्णवाहिका चालक

पूर्वी पर्वरी उतरून पणजीतून बाहेर पडेपर्यंत घाम फुटायचा. जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवरचा अटल सेतू झाल्यापासून पर्वरीहून थेट मेर्शीच्या बाजूला उतरता येते. निघताना एकच पाहावे: आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे, सीटीच्या फिल्म घेतल्या का. गडबडीत त्या घरच्या टेबलावर राहतात.

दोडामार्ग तालुक्यातील एक अंगणवाडी सेविका

पैशांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. २०१८ च्या आरंभी गोव्याबाहेरील रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू झाले, तेव्हा आमच्या तालुक्यात मोठे आंदोलन झाले; त्यात मीही बसले होते. राग गोव्यावर नव्हता, आमच्या जिल्ह्यात इतक्या वर्षांत एक मोठे इस्पितळ उभे राहिले नाही यावर होता. पुढे महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सिंधुदुर्गातील रुग्णांसाठी बांबोळीतही लागू झाली. मात्र योजना लागू आहे म्हणजे प्रत्येक उपचार तीत बसतो, असे समजू नये. यादीतील उपचारांनाच मंजुरी मिळते. माझ्या जावेच्या वेळी शिधापत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव जुळत नव्हते आणि त्या एका अक्षरासाठी माझ्या दिरांना गावी परत यावे लागले. मूळ शिधापत्रिका आणि आधारकार्ड आजच एका पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि दोन्हींवरची नावे एकदा ताडून पाहा.

सावंतवाडीतील एक रक्तदाता

वॉर्डात प्लेटलेट किंवा रक्त लागेल असे सांगितले गेले, तर घाबरून गावातल्या प्रत्येकाला फोन करत बसू नये. रुग्णाचा रक्तगट, वॉर्ड, आणि पूर्ण रक्त हवे की फक्त प्लेटलेट, एवढे नीट विचारून घ्यावे आणि मग आपल्या तालुक्यातील रक्तदात्यांच्या गटाला कळवावे. आमच्याकडची मुले गाडी काढून रात्रीही बांबोळीला जातात. प्लेटलेट देणाऱ्याला तास-दीड तास तरी मशीनजवळ बसावे लागते, म्हणून त्याने उपाशी येऊ नये. आणि सोबत चार जण आले, तर त्यांतल्या दोघांनी पुढच्या दिवसासाठी थांबावे, कारण माकडताप, डेंग्यू अशा आजारांत प्लेटलेट पुन्हा लागण्याचा संभव असतो.