मदत हवी आहे: कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटातील आडवाटेच्या वस्त्या, मोटारप्रवास आणि सोबत मधुमेही वडील

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात माझे वडील भारतातून आमच्याकडे लॉस एंजेलिसला येत आहेत. ते निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत आणि नेहमीची प्रेक्षणीय स्थळे बाजूला ठेवून त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली आहे: इथल्या वाळवंटात लोकांनी स्वतःच्या हातांनी ज्या जागा उभ्या केल्या, त्या त्यांना पाहायच्या आहेत. त्यासाठी साधारण आठवडाभराचा मोटारप्रवास मी आखत आहे. नकाशे आणि अंतरे पाहून झाली आहेत. नकाशात न सापडणाऱ्या गोष्टींविषयी मात्र जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

आखलेला मार्ग असा आहे. प्रथम जोशुआ ट्री, तेथे नोआ प्युरिफॉय यांचे उघड्यावरचे कलासंग्रहालय. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात 1965 मध्ये झालेल्या दंगलीतील जळक्या ढिगाऱ्यातून कलाकृती घडवणारे हे कलावंत 1989 मध्ये वाळवंटात राहायला आले आणि 2004 मध्ये निधन होईपर्यंत 10 एकर जागेवर टायर, सायकली, पत्रे, संडासांची भांडी अशा टाकाऊ वस्तूंतून शिल्पे उभारत राहिले. तेथून दक्षिणेला सॉल्टन सी हे खारे तळे, त्याच्या पूर्व काठावरचे बॉम्बे बीच, पुढे नायलंडजवळचे सॅल्व्हेशन माउंटन हा हाताने उभारलेला रंगीत डोंगर आणि त्याला लागूनच स्लॅब सिटी. मग कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गाव आणि शेवटी आर्कोसांटी ही वसाहत. वडिलांच्या यादीत डेथ व्हॅली जंक्शनचे अमार्गोसा ऑपेरा हाउसही आहे. 1967 मध्ये गाडीचे टायर पंक्चर झाल्याने तेथे थांबलेल्या नर्तिका मार्टा बेकेट यांनी एक पडके सभागृह भाड्याने घेतले आणि त्याच्या भिंतींवर राजा-राणीसह अख्खा प्रेक्षकवर्ग रंगवला, ही हकिगत त्यांच्या मनात घर करून बसली आहे.

माझी मुख्य शंका या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांविषयी आहे. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून या खोलगट भागात शिरले, ते 1907 पर्यंत थोपवता आले नाही, आणि त्यातून सॉल्टन सी तयार झाला. 1950-60 च्या दशकांत त्याच्या काठी हॉटेले आणि बोटींचे धक्के होते. पुढे क्षार वाढत गेले, मासे मेले आणि पर्यटक पांगले. बॉम्बे बीचवर मागे राहिलेली काही माणसे परिस्थितीमुळे राहिली असतील, काही आवडीने राहिली असतील, आणि 2016 पासून तेथे भरू लागलेल्या कलामहोत्सवामुळे काही कलावंतही येऊन राहिले आहेत. स्लॅब सिटीची स्थिती याहून नाजूक वाटते. दुसऱ्या महायुद्धातील कॅम्प डनलॅप हा मरीन तळ मोडल्यावर उरलेल्या काँक्रीटच्या लाद्यांवर ही वस्ती वसली असून तेथे नळ, वीज किंवा सांडपाण्याची कोणतीही व्यवस्था नाही. दुसऱ्याची गरिबी पाहण्यासाठी आपण हौसेने गाडी घेऊन जात आहोत, असे तेथील कोणालाही वाटू नये, याची मला मनापासून काळजी आहे. वडिलांना जागेवर बसून रेखाटने करण्याची सवय आहे. एखाद्याच्या घरासमोर वही उघडून बसलेले तेथे चालते का? छायाचित्रासाठी परवानगी कशी मागावी? काही न्यायचे झाल्यास पाणी न्यावे, की त्यातून उपकाराची भावना दिसेल?

सॅल्व्हेशन माउंटनविषयी वडिलांचा प्रश्न वेगळा आहे. लिओनार्ड नाइट यांनी 1984 मध्ये उभारायला घेतलेला पहिला डोंगर सिमेंट आणि वाळूचा होता आणि तो 1989 मध्ये कोसळला. त्यानंतर त्यांनी माती आणि पेंढा कालवून नव्याने सुरुवात केली आणि लोकांनी आणून दिलेल्या रंगाचे थरावर थर चढवले. मातीत पेंढा घालून भिंत लिंपण्याची रीत वडिलांनी लहानपणी घरीच पाहिलेली असल्यामुळे, पावसाने आणि उन्हाने तडकलेला भाग आता कसा बुजवतात, हे त्यांना जवळून पाहायचे आहे. नाइट 2014 मध्ये वारले. सध्या तेथे जे स्वयंसेवक असतात, ते अशा गोष्टी समजावून सांगतात का?

दुसरी काळजी इन्सुलिनची आहे. वडील दिवसातून अनेक वेळा इन्सुलिन घेतात, आणि दिवसा तापलेली गाडी व रात्रीची कडक थंडी या दोन्हींतून ते कसे सांभाळावे, हे अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास फार बरे होईल.

प्रतिसाद

ताई, आम्ही बरीच वर्षे फीनिक्समध्ये राहतो आणि यांतील बहुतेक ठिकाणी वारंवार जाणे झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमार्गोसा या वेळी वगळावे. जोशुआ ट्रीपासून ते उत्तरेला चार तासांच्या अंतरावर आहे आणि तुमचा बाकी सारा मार्ग दक्षिणेचा व पूर्वेचा आहे. बाबांना डेथ व्हॅलीसोबत ते स्वतंत्रपणे दाखवा. जोशुआ ट्रीहून राष्ट्रीय उद्यानातूनच दक्षिणेच्या कॉटनवुड दारापर्यंत जा आणि बॉक्स कॅन्यनच्या रस्त्याने मेक्का नावाच्या गावाला उतरा. रस्ता डांबरी आहे आणि दोन्ही बाजूंच्या मातकट कड्यांमुळे चित्रकाराला तो नक्कीच आवडेल. मात्र आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, तर रस्ता सुरू आहे ना, याची खात्री करून घ्या. पेट्रोल मेक्कालाच भरा.

स्लॅब सिटीत कुंपणे नसली, तरी हद्दी असतात. टायरांची रांग, दगड, कापडाचा तुकडा किंवा जुन्या बाटल्यांची ओळ दिसली की ते कोणाचे तरी अंगण आहे असे समजावे आणि हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. गाडीच्या खिडकीतून फोटो काढत जाणाऱ्यांचा तेथे सर्वांत जास्त राग येतो. याउलट वही घेऊन बसलेल्या वृद्ध माणसाकडे लोक आपणहून येतात, बोलतात आणि पुष्कळदा स्वतःचे चित्र काढून मागतात, तेव्हा बाबांच्या रेखाटनांची चिंता करू नका; फक्त बसण्यापूर्वी समोरच्याला विचारावे आणि काढलेले चित्र त्याला दाखवावे. ईस्ट जीझस हा शिल्पांचा भाग पाहुण्यांसाठी खुला असतो आणि तेथे देणगीची पेटी असते. पाण्याचे कॅन जरूर न्या, पण ते वाटत फिरू नका. गप्पा झाल्यावर सहज विचारलेत, तर कोणालाही वावगे वाटत नाही. कचरा उचलणारी यंत्रणा तेथे नसल्यामुळे तुमचा कागदाचा कपटासुद्धा परत गाडीत आला पाहिजे.

सॅल्व्हेशन माउंटनवर फक्त पिवळ्या रंगवलेल्या वाटेनेच चढायचे असते, कारण इतरत्र पाय पडला की रंगाखालची माती सुटते. स्वयंसेवक मोकळे असतील, तर उत्साहाने बोलतात. सकाळी लवकर गेलात, तर गर्दीही कमी असते.

बॉम्बे बीचच्या किनाऱ्यावर पायात बूट असू द्यावेत. दुरून जी पांढरी वाळू वाटते, ती प्रत्यक्षात बार्नॅकल या छोट्या जलचरांची कवचे आणि माशांच्या हाडांचा चुरा असतो, आणि तो चपलेत शिरला की टोचतो. मधुमेही माणसाच्या तळपायाला झालेली बारीक जखमही महागात पडू शकते. जोराचा वारा असेल, तर किनाऱ्यावर थांबू नका, कारण तळे आटून उघडी पडलेली जमीन धुळीने उडते.

इन्सुलिनबाबत गफलत होते ती थंडीमुळे. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन 30 अंश सेल्सिअसच्या खाली काही आठवडे टिकते, पण एकदा गोठले की निरुपयोगी होते, आणि जोशुआ ट्रीला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून मुक्कामी ते गाडीत न ठेवता खोलीत आणावे. दिवसा पाण्यात भिजवून वापरायची पिशवी मिळते, ती कोरड्या हवेत फार चांगली चालते. बर्फाला कुपी थेट टेकू देऊ नका. शिल्लक साठा दोन वेगळ्या बॅगांत विभागून ठेवा आणि नेमकी मुदत औषधाच्या पत्रकावर पाहून घ्या.

तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो: बाबांचा पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद सतत जवळ असू द्या. सीमेलगतच्या या भागात उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सीमा गस्ती दलाचे तपासणी नाके आहेत.

क्वार्ट्झसाइटला जानेवारीत मोटरहोम घेऊन येणाऱ्यांची इतकी गर्दी असते की खोली मिळणे कठीण होते, त्यामुळे मुक्काम नदीअलीकडे ब्लाइथला करावा. क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत हाय जॉली यांची पिरॅमिडच्या आकाराची समाधी आहे आणि तिच्या माथ्यावर उंट आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याने उंटांचा प्रयोग केला, तेव्हा ऑटोमन साम्राज्यातून आलेले हे उंटवान 1902 मध्ये तेथेच वारले. हिवाळ्यात ॲरिझोनाचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असते, हे आर्कोसांटीची वेळ ठरवताना लक्षात ठेवा. वास्तुविशारद पाओलो सोलेरी यांनी 1970 मध्ये बांधायला घेतलेली ती वसाहत मार्गदर्शकासोबतच पाहता येते आणि त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. नोंदणी करताना काशाच्या घंटांचे ओतकाम कोणत्या वेळी सुरू असते, तेही विचारून घ्या.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अमार्गोसा वगळल्याचे वडिलांना सांगितले. थोडी हुरहूर लागली, पण त्यांना पटले. एकच विचारायचे राहिले. सॅल्व्हेशन माउंटनसाठी रंगाचे डबे न्यावेत अशी त्यांची फार इच्छा आहे. तेथे कोणत्या प्रकारचा रंग चालतो, आणि तो कोणाच्या हाती द्यायचा असतो?