फौंड्रीच्या काळ्या वाळूचे पेव्हर ब्लॉक, कुणी केलेत का?

पेव्हरवाला शिरोली:
नमस्कार मंडळी. शिरोलीजवळ माझं पेव्हर ब्लॉकचं छोटं युनिट आहे. शेजारच्या दोन फौंड्र्या (लोखंडाचं ओतकाम करणारे कारखाने) साच्यांची वापरलेली वाळू फुकट द्यायला तयार आहेत, वर ट्रॅक्टरचं भाडंपण देतो म्हणतात कारण टाकायला जागा उरली नाही. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) थोडी मिसळून बघितली, पहिली खेप झक्कास, दुसरीचे ब्लॉक हातात घेतले की कडा भुगा आणि शेडमध्ये दवाखान्यासारखा वास. शहरातल्या फुटपाथची कामं बघणाऱ्या एका साहेबांना विचारलं तर रिपोर्ट आणा म्हणाले, कसला ते सांगितलंच नाही. काय करू?

मोल्डिंगवाला:
भावा, तुझ्याकडं दोन जातीची वाळू आलीय. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, कोअरची, म्हणजे ओतकामात आत पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची वाळू रेझिननं (चिकट रसायनानं) बांधलेली. वास त्या रेझिनमधल्या फिनॉलचा. आणि बेंटोनाइट लई पाणी पितं, कणावर मातीचा थर राहिला की सिमेंट धरत नाही. शेकआऊटला, म्हणजे साचा फोडताना, सगळं एकाच ढिगात जातं, वेगळं ठेवायला माणूस लागतो आणि फुकटच्या मालासाठी माणूस कोण ठेवणार? टनामागं थोडे पैसे दे, मग बघ ढीग वेगळे होतात का. आल्यावर चाळ, चुंबक फिरव, लोखंडाचे तुकडे निघतातच. क्रश सँडच्या जागी 10 टक्क्यांनी सुरू कर, 28 दिवसांनी ब्लॉक दाबून बघ आणि मगच पुढं जा.

लॅबवाली ताई:
रिपोर्ट दोन लागतील दादा. पेव्हरसाठी आयएस 15658 या भारतीय मानकाप्रमाणे ताकद आणि पाणी शोषण, आणि वाळूची लीचिंग टेस्ट, म्हणजे पावसात त्यातनं फिनॉल, धातू किती उतरतात ते. ब्लॉक बसले की पाणी गटारीतनं पंचगंगेलाच जाणार ना.

कागलकर:
वाळू ठीक आहे, पण एमआयडीसीनं शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी घ्यायला पाहिजे. सुरतेत महापालिकेनं 2014 मध्ये पांडेसराच्या कारखान्यांना असं 40 एमएलडी (रोज 40 दशलक्ष लिटर) पाणी द्यायला सुरुवात केली, आपण नदीचं पाणी उपसतोय.

मोल्डिंगवाला:
कागलकर, पाइप कोण टाकणार ते बोला की. एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्यानं वापरायचा म्हटलं की डेन्मार्कच्या कालुंडबोर्ग शहराचं नाव सगळे घेतात, तिथं 1961 मध्ये रिफायनरीला तलावाचं पाणी आणायची लाइन नगरपालिकेनं टाकली आणि पैसे रिफायनरीनं घातले. पुढं वाफ, गॅस, जिप्सम असे एकेक सौदे दोघादोघांत ठरत गेले, आधी कुणी नकाशा काढून बसलं नव्हतं.

पेव्हरवाला शिरोली:
धन्यवाद मोल्डिंगवाले. आज एका फौंड्रीत गेलो होतो, कोअरचा ढीग वेगळा ठेवतो म्हणाले पण टनाला दर मागितलाय, फुकटवरनं एकदम दर! मान्य केलं. 10 टक्क्यांचे ब्लॉक सोमवारी टाकतोय. ताई, लीचिंगला सँपल किती किलो लागतं?

लॅबवाली ताई:
पाचेक किलो आणा, पण एकाच जागचं नको, ढिगाच्या चार बाजूंनी घ्या आणि कोअरचं वेगळ्या पिशवीत. पिशवीवर तारीख लिहा, लोक विसरतातच.