मदत हवी आहे: आईच्या सांधेदुखीवर स्पिरुलिना किती द्यायचं?

कोकणवारा
आईची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. मावशीने स्पिरुलिनाच्या (निळ्या-हिरव्या शेवाळाच्या) गोळ्या आणून दिल्यात, 500 मिग्रॅच्या, सूज उतरायला एकदम नॅचरल म्हणे. रोज किती, आणि उपाशीपोटी की जेवल्यावर? प्लीज लवकर सांगा, ती आजपासूनच सुरू करते म्हणतेय.

अक्का_नाशिक
वय किती? आमवात, झिजेचा की युरिक अ‍ॅसिड? बाकी औषधं कोणती?

तळेगावकर
बिनधास्त द्या. मी दोन सकाळी दोन रात्री घेतो, गुडघा एकदम मोकळा झालाय. त्यातला निळा रंग असतो ना, फायकोसायनिन, तोच सूज मारतो. शेवाळच आहे, साईड इफेक्ट कसला येणार.

फार्मसीवाला
तळेगावकर, फायकोसायनिनचं बरंचसं काम प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झालंय, माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत. तुमच्या गुडघ्यावरून त्यांच्या आईच्या बोटांचं ठरवू नका. आणि युरिक अ‍ॅसिड असेल तर यात प्युरिन असतात, त्यांचंच शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं, तोही प्रश्न आहेच.

कोकणवारा
अहो मी फक्त किती द्यायच्या ते विचारलं. वय 58, डॉक्टर आमवात म्हणालेत, नेहमीच्या गोळ्या चालू आहेत.

रानमेवा
सासूबाईंना सुंठेच्या काढ्यात चमचाभर एरंडेल द्यायचो आम्ही, रात्री. डबीतलं काही नको.

अक्का_नाशिक
नेहमीच्या म्हणजे कुठल्या दादा? आठवड्यातून एकदाच घ्यायची एखादी आहे का? पट्टीवरचं नाव वाचून टाका.

शेतीमित्र
विषय निघालाच आहे तर, घरच्या टाकीत स्पिरुलिना कुणी केलंय का? खायचा सोडा घालून पाण्याचा पीएच 9 ते 10 ठेवतात एवढं माहितीये, ढवळायला मोटर कुठली लावता?

फार्मसीवाला
करा, पण तपासल्याशिवाय खाऊ नका. स्पिरुलिना स्वतः मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवत नाही, पण उघड्या पाण्यात दुसरं निळं-हिरवं शेवाळ मिसळलं की ते विष येऊ शकतं आणि थेट लिव्हरवर जातं. अमेरिकेत ओरेगॉनच्या क्लॅमथ तलावातलं शेवाळ गोळ्या करून विकतात, तिथे याच भीतीने ग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅमची मर्यादा घालावी लागली.

कोकणवारा
मेथोट्रेक्सेट, दर रविवारी. बुधवारी फॉलिक अ‍ॅसिड. आता सांगा.

फार्मसीवाला
मग आज सुरू करू नका. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, मेथोट्रेक्सेट तिला आवरतं, आणि स्पिरुलिना तर प्रतिकारशक्ती वाढवतं म्हणूनच विकतात. ते घेतल्यावर डर्माटोमायोसायटिससारखे (त्वचा आणि स्नायूंचा आजार) ऑटोइम्यून आजार भडकल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. शिवाय मेथोट्रेक्सेटने लिव्हरवर आधीच ताण असतो, त्यात डबीतल्या शेवाळात काय मिसळलंय कुणास ठाऊक. रविवारची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

तळेगावकर
आफ्रिकेत चाडच्या तळ्याकाठी लोक पिढ्यानपिढ्या याच्या वड्या करून खातात, आणि इथे म्हणे विष! उगाच घाबरवू नका हो.

अक्का_नाशिक
चाडमधल्या लोकांनी रविवारी मेथोट्रेक्सेट घेतलेलं नसतं. तुम्हाला काय होतंय ते तरी सांगा, गुडघा कशाने दुखत होता?

हिरवाई
मी शाकाहारी, बी12 साठी स्पिरुलिना घेतलं तर चालेल का?

फार्मसीवाला
नको, त्यातलं बी12 बहुतेक शरीराला वापरता न येणाऱ्या रूपातलं असतं. साधी बी12 ची गोळी घ्या.

कोकणवारा
सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) 34 आलंय, मागच्या महिन्यातलं. डॉक्टरांची तारीख अजून तीन आठवड्यांनी आहे, तोवर तिने असंच सुजलेल्या हातांनी भाकऱ्या थापायच्या का? काहीतरी द्यायला नको का?

अक्का_नाशिक
थापायच्या नाहीत, कणीक भाकरी तुम्ही करा तोवर. गरम पाण्यात हात बुडवून बोटं हलवू दे, बरं वाटतं. आणि तारखेची वाट बघू नका, दवाखान्यात फोन करून सांगा की औषध चालू असूनही तासभर आखडतात, सीआरपी 34, डोस बघायला हवा. ईएसआर (सुजेचीच दुसरी रक्ततपासणी) आणि लिव्हरचे रिपोर्ट पण इथे टाका, शेवटचे कधी केलेत?