नवा जोडलेला डेस्कटॉप मध्येच गोठतो. प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा दिसतो

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६-१६ जीबीच्या दोन रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच वापरते. जुन्या कॉम्प्युटरमधली २ टीबीची हार्ड डिस्क काढून यात साटा केबलने लावली आहे. विंडोज ११ एसएसडीवर कोरं टाकलं.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. इनडिझाइनमध्ये काम करताना दर पाच-दहा मिनिटांनी सगळं थांबतं. खिडकी पांढुरकी पडते, वर 'प्रतिसाद देत नाही' असं येतं, आणि वीस सेकंद, कधी पूर्ण मिनिटभर काहीच होत नाही. मग साठलेले सगळे क्लिक एकदम लागतात. फाइल सेव्ह करायला गेलं की हमखास होतं. नुसता फाइल एक्स्प्लोरर उघडला तरी हिरवी पट्टी हळूहळू सरकत बसते.

आतापर्यंत केलेलं सांगते. तापमान रिकाम्या वेळी ४५ अंश, कामात ७८ च्या वर नाही. एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायची बायोसमधली सोय) चालू करून पाहिलं, बंद करून पाहिलं, फरक नाही. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चालवलं, चारही फेऱ्यांत एकही चूक नाही. बायोस अद्ययावत केलं. विंडोज दोनदा पुसून परत टाकलं, तरी तेच. गोठलेलं असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४ टक्के आणि ३२ पैकी ७ जीबी रॅम वापरात. महिनाअखेरीला ६४० पानांचं पुस्तक छपाईला द्यायचंय. कुठून तपासायला घेऊ?

प्रतिसाद १

कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली होती ना? आणि रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का? पहिल्यांदा जोडणाऱ्यांच्या या दोन गोष्टी फार राहतात.

प्रश्नकर्ती

फिल्म काढली होती, रॅमही दुसऱ्या-चौथ्यात आहेत. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच होता, पण डीडीआर५ त्या वेळी स्वतःला जुळवून घेते हे नंतर वाचलं.

प्रतिसाद २

फिल्म राहिली असती तर तापमान काही क्षणांत ९५ ला टेकलं असतं, तेव्हा तो विषय संपला. ताई, तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो ४ टक्के प्रोसेसर. कॉम्प्युटर दमलेला नाही, तो कशाची तरी वाट बघतोय. गोठल्यावर माउसचा बाण हलतो का? मागे गाणं लावलेलं असेल तर ते चालू राहतं का? बाण हलतोय, गाणं चालू आहे आणि फक्त खिडक्या अडकल्यात, असं असेल तर माझा संशय थेट डिस्कवर जातो. आवाज तुटला, बाणही थिजला, तर ड्रायव्हर किंवा ग्राफिक्सकडे बघावं लागेल.

टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा. तिथे दोन्ही डिस्क वेगळ्या दिसतात. गोठलेलं असताना कुठली १०० टक्क्यांवर आहे आणि तिचा सरासरी प्रतिसादवेळ किती आहे, ते पाहा. धडधाकट हार्ड डिस्क दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते, एसएसडी त्याहून कितीतरी लवकर. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'सिस्टिम' नोंदींत ७, १२९ आणि १५३ हे क्रमांक शोधा, त्या डिस्क अडल्याच्या खुणा असतात.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर कुठल्या डिस्कवर आहे?

प्रश्नकर्ती

बाण हलतो, गाणंही चालू राहतं! हे दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

डिस्क ० म्हणजे जुनी हार्ड डिस्क. गोठल्यावर ती १०० टक्के, वेग शून्य केबी, प्रतिसादवेळ ८,४१२ मिलिसेकंद. कॅबिनेटवरचा छोटा लाल दिवा तेवढा वेळ लुकलुकत नाही, सलग पेटून राहतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५३ च्या नोंदींची रांग आहे, सगळ्या डिस्क ० च्या. ७ च्याही नऊ आहेत, त्यात खराब ब्लॉक असं लिहिलंय. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स दोन्ही मी त्याच डिस्कवर हलवली होती, एसएसडी भरू नये म्हणून. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं. पिवळा रंग आणि 'सावधान'. सी५ या ओळीत ८८, सी७ मध्ये शून्य.

आता कॉम्प्युटर बाजूला राहिला, मला भीती वाटतेय. त्या डिस्कवर एका शब्दकोशाच्या हाताने लिहिलेल्या ११,००० चिठ्ठ्यांचे स्कॅन आहेत. मी स्वतः एकेक चिठ्ठी काचेवर ठेवून केलेले. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाई आता नाहीत, गठ्ठे त्यांच्या घरी परत गेले. माझ्याकडे दुसरी प्रत आहे ती आठ महिन्यांपूर्वीची. त्यानंतरचे स्कॅन फक्त इथेच.

प्रतिसाद २

मग आता कॉम्प्युटर बंद करा, आणि पुढचं फोनवर वाचा.

सी५ मधला तो ८८ सोळाच्या पायावरचा आकडा आहे, आपल्या मोजणीत १३६. इतके सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं हे तिचं ठरलेलं नाही. सी७ मध्ये केबलवरच्या चुका मोजल्या जातात. तो शून्य आहे, म्हणजे केबल ठीक. सी७ वाढत असता आणि सी५ शून्य असता, तर केबल बदला म्हणालो असतो आणि प्रश्न सुटला असता. इथे डिस्कच चालली आहे. असा सेक्टर लागला की साधी डेस्कटॉप डिस्क तो परत परत वाचायचा प्रयत्न करत बसते, आणि तोवर दुसऱ्या कुणाला उत्तर देत नाही. सेव्हची खिडकी उघडली की विंडोज डॉक्युमेंट्सकडे जातं, तिथे अडकतं. विंडोज दोनदा टाकूनही फरक का पडला नाही, ते यातच आलं.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, चालवू नका, हे कळकळीने सांगतो. सगळीकडे तोच सल्ला मिळेल. पण त्याची सखोल तपासणी अख्खी डिस्क वाचते आणि फाइल-रचनेत बदलही करते. मरणाऱ्या डिस्कवर आधी प्रत काढायची असते, दुरुस्ती नाही.

एक मोठी नवी डिस्क घ्या. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा आणि बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडणारी जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी तिकडे परत येतं. मॅपफाइल, म्हणजे कुठवर काम झालं याची नोंद, ठेवली की मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं, हे उलटं लिहिलंत तर जुनी डिस्क कोरी होईल, म्हणून आकार आणि सिरियल नंबर दोन्ही जुळवल्याशिवाय एंटर दाबू नका. आणि डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक असा आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

प्रतिसाद ३

वरच्यांचं सगळं बरोबर, मी फक्त पुढच्या अडचणीची सूचना देतोय. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क लावलेल्या होत्या ना? जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय विभाजन (कॉम्प्युटर सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) असेल तर विंडोज सुरू करून देणारा बूटलोडर बहुतेक तिथेच जाऊन बसलाय. ती काढली की कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. त्या वेळी एसएसडी खराब झाली असं समजू नका. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा, डिस्कपार्टने एसएसडीवर थोडी जागा मोकळी करून २६० एमबीचं ईएफआय विभाजन करा, ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि बीसीडीबूटने बूटलोडर तिथे लिहा. विंडोज तिसऱ्यांदा टाकायची गरज नाही.

प्रश्नकर्ती

पाच दिवसांनी लिहितेय, माफ करा.

टक-टक लयीत नव्हती, अधूनमधून एखादीच, म्हणून घरीच केलं. नवी ४ टीबीची डिस्क आणली. सिरियल नंबर कागदावर लिहून पडद्याशी तीनदा जुळवला, तरी एंटर दाबताना हात कापत होता. पहिली फेरी नऊ तास चालली. आकडा सरसर वर जायचा, मध्येच थांबायचा, आणि मी त्याच्यासमोर बसून राहायचे. उरलेल्या फेऱ्या संपायला दुसरी रात्र गेली. शेवटी २ टीबीपैकी ३९६ केबी वाचता आलं नाही.

जुनी डिस्क काढली आणि प्रतिसाद ३ मध्ये म्हटल्याप्रमाणे कॉम्प्युटर थेट बायोसमध्ये जाऊन थांबला. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी त्या रात्री रडले असते. बीसीडीबूटचं काम दहा मिनिटांत झालं.

तीन दिवसांत १५३ ची एकही नोंद नाही. ६४० पानांची फाइल उघडते, सेव्ह होते, मी पुढच्या पानावर जाते.

सगळे स्कॅन एकेक करून उघडून बघितले. तीन खराब निघाले. दोन आठ महिन्यांपूर्वीच्या प्रतीत सापडले. तिसरी 'निथळणे'ची चिठ्ठी, ती त्या प्रतीनंतरची. बाईंच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, गठ्ठे माळ्यावर आहेत, दोऱ्या सुटल्यात, पण रविवारी या, आपण दोघी शोधू.