पोर्ट म्हणजे नक्की काय? एकच शब्द आहे की पाच?

बेतीकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण चार दिवस डोक्यातनं जात नाहीय. आमचे पप्पा तारवटी, बत्तीस वर्षं जहाजावर काढली, आता घरीच असतात पण भाषा अजून बोटीवरचीच. आईने विचारलं मिठाची बरणी कुठे ठेवलीत, की हे म्हणणार "गॅसच्या पोर्टला बघ". म्हणजे डावीकडे. आम्हाला सवय झालीय. तर रविवारी मामा आले ते आईसाठी पोर्ट वाईन घेऊन (रक्त वाढतं म्हणे, आमच्याकडे प्रत्येक बाईला कुणी ना कुणी हे सांगितलेलंच असतं), मी लॅपटॉप उघडून बसलेलो कारण चार्जिंगचा पोर्ट सैल झालाय, पिन एका कोनात धरून बसावं लागतं, बहीण सिम पोर्ट करायला १९०० वर मेसेज टाकत होती आणि मामा स्वतः मुरगाव पोर्टातनं रिटायर. एका खोलीत पाच पोर्ट! मामा म्हणाले सगळं एकच, बंदरावरनं आलं. पण चार्जरच्या भोकाचा आणि बंदराचा काय संबंध? आणि डावीकडेच का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

साळावलीचं_पाणी:
सोप्पं आहे, पोर्तुगीजांनी दिला असणार. पोर्तुगीज म्हणजेच पोर्टवाले 😄

मास्तर_मडगाव:
साळावली, तुम्ही गंमतीत लिहिलंत पण निम्मं बरोबर निघालं, फक्त उलट्या बाजूने. पोर्तुगीजांवरनं पोर्ट नाही, पोर्टवरनं पोर्तुगाल. दोउरू नदीच्या मुखाशी रोमन काळात पोर्तुस काले नावाचं ठिकाण होतं, त्याचं पोर्तुकाले झालं आणि पुढे तेच नाव अख्ख्या देशाला पडलं. तिथलं शहर आजही पोर्तो, म्हणजे नुसतं "बंदर". पोर्तुगीज लोक त्याला ओ पोर्तो म्हणतात, त्यातला ओ म्हणजे इंग्रजीतला द, पण इंग्रज व्यापाऱ्यांनी तो ओ नावालाच चिकटवला आणि शहराचं ओपोर्तो करून टाकलं. त्या बंदरातनं जी वाईन इंग्लंडला जायची ती पोर्ट. आंबवण अर्ध्यावर आलं की त्यात द्राक्षाचाच कडक स्पिरिट ओततात, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते, म्हणून गोड लागते आणि वीस टक्क्यांच्या आसपास चढते. दोउरूच्या खोऱ्याची हद्द १७५६ साली पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल ह्याने आखून दिली, त्या हद्दीतल्या द्राक्षांचीच खरी पोर्ट. आपल्याकडे दुकानात मिळते ती त्या हिशोबाने नावापुरतीच. रक्ताचं म्हणाल तर वहिनींना डॉक्टरकडे न्या.

आता मुख्य प्रश्न. इंग्रजीत दिसायला एक पोर्ट पण लॅटिनमधनं तीन वेगळे शब्द आलेत. पोर्तुस म्हणजे बंदर. पोर्ता म्हणजे दार, वेस. आणि पोर्तारे म्हणजे वाहून नेणे. पोर्तुगीजमध्ये पहिले दोन अजून वेगळे आहेत, पोर्तु बंदर आणि पोर्ता दार, आमच्या आजोबांच्या पिढीला ते शिकवावंसुद्धा लागलं नाही. इंग्रजीने शेपट्या कापल्या आणि सगळ्यांना एकच टोपी घातली.

तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट हा दारवाला. जहाजाच्या कुशीत तोफेचं तोंड बाहेर काढायला झडपेची भोकं असायची तीही पोर्ट, पोर्टहोल त्यातलंच. बहिणीचं सिम मात्र वाहून नेण्याच्या घरातलं, पोर्टेबल, ट्रान्सपोर्ट, एक्स्पोर्ट-इम्पोर्टच्या. नंबर उचलून दुसऱ्या कंपनीत नेणं. म्हणजे चार्जर आणि सिम हे दोन्ही मोबाईल-कम्प्युटरचे असूनही भाऊ नव्हेत, आणि वाईन आणि मामांचं ऑफिस मात्र सख्खे. पोर्टरचीही तीच गत. मडगाव स्टेशनवरचा हमाल पोर्टर हा वाहणारा आणि विलायतेत कॉलेजच्या फाटकावर बसतो तो पोर्टर दारवाला, स्पेलिंग एक, मुळं दोन. शाळेत असताना हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण पोर्शनच संपत नसे.

वास्कोचा_खलाशी:
डावीकडचं मी सांगतो, आमच्या लाईनीतलं. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसायचं, उजव्या अंगाला एक मोठं वल्हं लावून त्याने वळवायचे. ती वळवायची बाजू म्हणजे स्टीअर-बोर्ड, त्याचं स्टारबोर्ड झालं. आता ते वल्हं उजवीकडे असताना उजवी बाजू धक्क्याला लावलीत तर वल्ह्याचा चुराच, म्हणून जहाज नेहमी डाव्या अंगाने धक्क्याला टेकायचं, माल तिकडनंच चढायचा. त्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणायचे. वारा सुटलेला, लाटा आपटतायत, आणि वरनं कुणी ओरडतोय "लारबोर्ड" की "स्टारबोर्ड" ते कुणाच्या बापाला कळणार? धक्क्याची, म्हणजे बंदराकडची बाजू म्हणून पोर्ट हा शब्द सुकाणवाल्यांच्या तोंडी आधीपासून होताच, मग ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये हुकूमच काढला की लारबोर्ड बंद, पोर्ट म्हणा. अमेरिकेने दोन वर्षांनी तेच केलं. पोर्टला तांबडा दिवा, स्टारबोर्डला हिरवा, रात्री मांडवीत बार्ज समोरनं आली की बघा. म्हणजे बेतीकर, तुझ्या पप्पांची मिठाची बरणी धक्क्याच्या बाजूला आहे.

आणि एक, पॉश हा शब्द पण ह्यातलाच. "पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम", म्हणजे जाताना पोर्ट, येताना स्टारबोर्ड, त्याची इंग्रजी आद्याक्षरं. विलायतेहून हिंदुस्थानात जाणारे साहेब ऊन चुकवायला जाताना डावीकडची केबिन घ्यायचे.

शब्दवेडी_फोंडा:
खलाशीदादा बाकी सगळं झकास पण पॉशची गोष्ट रचलेली आहे हो. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. ऐकायला इतकी छान आहे की मरत नाही एवढंच.

मास्तरांनी तीन शब्द वेगळे केले ते बरोबर, पण अजून खाली खणलं तर ते तिघेही शेवटी एकाच मुळाला जाऊन मिळतात, "पलीकडे नेणे" असा काहीतरी अर्थ असलेलं फार जुनं मूळ. संस्कृतातलं पार त्याच मुळाचं. पार करणे, पैलपार, अपार. इंग्रजीतला फोर्ड म्हणजे नदीतला उतार तोही त्यातलाच, फेरी आणि भाडं ह्या अर्थाचा फेअरसुद्धा. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पूल. हा शब्द आपण फारसीतनं घेतला, फारसीत तो जुन्या इराणी पेरेतु ह्या शब्दावरनं झिजत झिजत आलाय, आणि पेरेतु नि लॅटिनचा पोर्तुस अगदी जवळचे नातेवाईक. म्हणजे बेतीहून पणजीला तुम्ही पुलावरनं जा नाहीतर फेरीबोटीने जा, शब्द एकाच घराण्यातला 🙂

बेतीकर:
बाप रे. पण शब्दवेडीताई फेरी तर आपलाच शब्द ना? फेऱ्या मारते म्हणून फेरीबोट, इतकी वर्षं मी हेच समजत होतो. ८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला तेव्हा पप्पा सुट्टीवर घरी होते, ते अजून सांगतात कशी लोकांची झुंबड फेरीवर असायची ते, दिवसाला किती फेऱ्या व्हायच्या ते.

शब्दवेडी_फोंडा:
नाही ना, तिथेच सगळे फसतात. आपली फेरी फिरण्यातली, फेरा, फेरीवाला, प्रभातफेरी. फेरीबोटीतली इंग्रजी फेरी वाहून नेण्यातली. दोघी वेगवेगळ्या गावच्या आणि एका धक्क्यावर भेटल्या. इतक्या नीट बसल्या की कुणाला शंकाच येत नाही. आपला जुना शब्द तर होता, "तरीवर जाणे" वगैरे, त्यातनंच तुमच्या पप्पांचं तारू आणि तारवटी.

आणि एका शब्दात दोन माणसं लपणं ही काही इंग्रजीचीच खोड नाही बरं का. बंदर घ्या. आपलं बंदर फारसीतनं आलेलं, हिंदीतलं बंदर वानरावरनं. माझी दिल्लीची जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा बसवरची "बंदर" पाटी वाचून तिला वाटलं तिकडे माकडं बघायला नेतात.

साळावलीचं_पाणी:
😂😂 विमानतळ मोपा की दाबोळी असा घोळ होतो तेवढा पुरे, त्यात हे. पण वास्कोत पोर्ट कोण म्हणतं, सगळे हार्बर म्हणतात.

मास्तर_मडगाव:
हार्बर हा जर्मॅनिक घरचा, त्याचा पोर्टशी संबंध नाही. सैन्याने उतरायची जागा असा मूळ अर्थ, मग नुसता निवारा, मग जहाजांचा निवारा. जाता जाता एक राहिलं. ऑपॉर्च्युनिटी ह्या शब्दातही पोर्ट आहे. लॅटिनमध्ये वारा बंदराच्या दिशेने वाहू लागला की तो ऑपॉर्च्युन. शिडाच्या जहाजाला ह्याहून मोठी संधी कुठली.

बेतीकर:
सगळ्यांना थँक्यू. रात्री जेवताना पप्पांना सगळं वाचून दाखवलं. लारबोर्डचं त्यांना माहीत होतं, वल्ह्याचंही. पण स्टारबोर्डात स्टार म्हणजे तारा नाही हे मानायला तयार नाहीत, म्हणतात बत्तीस वर्षं मी काय झोपून काढली? खलाशीदादा, तुम्ही वास्कोला असाल तर रविवारी घरी या, मामांची बाटली अजून फोडलेली नाही, आणि तुमचं ते कदाचित ऐकतील.

वास्कोचा_खलाशी:
येतो. पण तारवटी माणसाशी वाद घालायला नाही हां, फक्त बाटलीसाठी.